‘नामंजूर’ कोण म्हणू शकतो?

सहकारी साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ते दृश्य नव्याने सांगायला नको. मांडवात सभासदांची दाटी, व्यासपीठावर चेअरमन आणि संचालक मंडळ. कार्यकारी संचालक विषयपत्रिकेतला एकेक विषय वाचतात, आणि वाक्य पुरे व्हायच्या आत पुढच्या रांगांतून आरोळी उठते, ‘मंजूर, मंजूर!’ मागच्या कोपऱ्यातून कुणी ‘नामंजूर’ म्हणाले, तर त्याचा आवाज माइकपर्यंत पोचतच नाही. कागदावर पाहिले तर समतेच्या बाबतीत या संस्थेत खोट काढायला जागा नाही. दोन एकरवाला असो की वीस एकरवाला, प्रत्येकाला एकच मत. तरीही त्या मांडवातून घरी परतणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, कारखाना कोणाचा? तो चेअरमनचे नाव सांगेल.

कामाच्या ठिकाणी सत्ता कशी वाटायची, या प्रश्नावर शंभर वर्षांहून अधिक काळ जगभर प्रयोग झाले. त्याकडे आपण बहुधा दोन चित्रांतून पाहतो. एकीकडे साहेब, मुकादम आणि हुकूम. दुसरीकडे गोल बसलेली, एकमेकांना नावाने हाक मारणारी माणसे. मला ही दोन चित्रे दिशाभूल करणारी वाटतात. उतरंड आहे की नाही, यावरून फारसे काही कळत नाही. सगळ्यात खालच्या माणसाला काय थांबवता येते, हिशेबाची कोणती वही उघडून पाहता येते आणि वरच्याला खाली उतरवता येते का, यावरून बरेच कळते. या लेखात मी याच कसोटीवर ते प्रयोग तपासणार आहे.

साखरेपासूनच सुरुवात करू. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले, धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ अध्यक्ष म्हणून लाभला आणि १९५० साली प्रवरेचा कारखाना उभा राहिला. खासगी कारखानदाराच्या काट्यासमोर हात जोडून उभा राहणारा शेतकरी मालक झाला. ही लहान गोष्ट नव्हती आणि आजच्या सहकाराकडे पाहून तिला कमी लेखणे अन्यायाचे होईल. पण मालक झाला तो ऊस पिकवणारा. तोडणारा झाला नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी तोडीला निघणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आजही ‘एक कोयता’ म्हणतात. मोजदाद माणसांची होत नाही, हत्याराची होते. उचल मुकादमाकडून घ्यायची, फेडायची मुकादमाकडेच आणि कारखान्याच्या सभेत त्या उचलीबद्दल बोलायला जागा नाही. म्हणजे एकाच गव्हाणीत पडणाऱ्या उसासाठी एकाला मताचा अधिकार आहे आणि दुसऱ्याला फक्त कोयता. एखादी संस्था समतेची आहे असे कुणी सांगितले, तर आधी विचारावे की समता मोजताना कोणाला धरले आणि कोणाला वगळले.

आणि ज्यांना धरले, त्यांच्याही हातून सत्ता का निसटते? जर्मनीतल्या समाजवादी पक्षाचा अभ्यास करून रॉबर्ट मिशेल्सने १९११ साली याचे उत्तर दिले होते. संघटना कितीही लोकशाहीवादी असो, कागदपत्रे ज्यांच्या हातात, सभेचे नियम ज्यांना पाठ आणि बैठकीला बसायला ज्यांना सवड, तेच हळूहळू कायमचे पुढारी होतात. त्याने याला अल्पसत्तेचा पोलादी नियम म्हटले. हा नियम आपल्या सहकाराला इतका चपखल बसतो, की मिशेल्सने अहिल्यानगर किंवा सांगली पाहिली असती तरी निष्कर्ष बदलावा लागला नसता. फक्त ‘पोलादी’ हा शब्द मला मान्य नाही. हा नियम मोडणारी उदाहरणे आहेत, आणि त्यातले एक आपल्याच घरचे आहे.

त्याआधी गिरणगावाकडे वळावे लागेल. मुंबईच्या कापड गिरण्यांत खालच्या पातळीवरची सत्ता जॉबरच्या हातात होती. कामावर घेणारा तो, खाडे मोजणारा तो, अनेकदा कर्ज देणारा आणि खोली मिळवून देणाराही तोच. कामगार संघटित झाले तेव्हा या सत्तेला लगाम बसला. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने दुसरा पेच निर्माण केला. ठरावीक प्रमाणात सभासद दाखवणारी संघटना ‘प्रातिनिधिक’ ठरे आणि त्या धंद्यातल्या सगळ्या कामगारांच्या वतीने करार करण्याचा अधिकार तिला एकटीलाच मिळे. कामगारांनी गुप्त मतदानाने ती निवडावी, अशी सोय नव्हती. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा पगाराइतकीच मोठी मागणी ही होती की ‘प्रातिनिधिक’ ठरलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाची मान्यता काढा आणि तो कायदा रद्द करा. गिरणगाव त्या संपानंतर उठले नाही. संप कसा फसला यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यात सर्वांत वेदनादायक वाटते ते हे: अडीच लाख माणसे उघडपणे सांगत होती की आमचा प्रतिनिधी हा नव्हे, आणि कायद्याला ते ऐकू येत नव्हते. प्रतिनिधित्व दिले, पण प्रतिनिधी बदलण्याचा मार्ग दिला नाही, तर ते सत्तेचे वाटप ठरत नाही.

याच मुंबईत, बंदरात आणि बाजारात ओझी वाहणाऱ्यांनी वेगळा मार्ग काढला होता. महाराष्ट्राचा १९६९ चा माथाडी कायदा हा या विषयातला आपला सर्वांत मोलाचा वाटा आहे असे मी मानतो, आणि महाराष्ट्राबाहेर सोडाच, महाराष्ट्रातही त्याची पुरेशी ओळख नाही. माथाडी कामगाराला एक मालक नसतो. सकाळी एका व्यापाऱ्याची पोती उतरवायची, दुपारी दुसऱ्याचा ट्रक भरायचा. त्यामुळे रजा, भविष्यनिर्वाह निधी, नुकसानभरपाई यांतले काहीच कोणा एका मालकाकडे मागता येत नसे. अण्णासाहेब पाटील आणि इतरांच्या चळवळीतून कायदा झाला आणि त्याने मालक आणि मजूर यांच्या मध्ये एक मंडळ उभे केले. व्यापाऱ्याने मजुरी मंडळाकडे भरायची, वर लेव्ही भरायची. मंडळाने ती मजुराच्या खात्यात वळती करायची आणि लेव्हीतून निधी, बोनस, औषधोपचार बघायचे. या मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समान संख्येने असावेत, आणि सरकारचे प्रतिनिधी एकूण संख्येच्या एक तृतीयांशाहून जास्त नसावेत, असे कायदाच सांगतो.

मंडळाच्या खाली असते टोळी. दोन माणसांना न उचलणारे ओझे चौघांनी उचलायचे, त्यामुळे काम टोळीचे आणि मजुरीही टोळीची. तरुण गडी आणि साठीकडे झुकलेला गडी एकाच पट्टीवर एकमेकांशेजारी पाठ लावतात, आणि वाटणी डोक्यांवर होते. टोळीलाही मुकादम असतो, पण तो टोळीतलाच, पाठीवर पोते घेणारा. उतरंड आहे, पण ती हाताच्या अंतरावर आहे आणि पैशाची वाट तिच्यातून जात नाही. ऊसतोडीचा मुकादम आणि माथाडीचा मुकादम यांना शब्द एकच आहे. फरक एवढाच की पहिल्याच्या हातात उचल आहे आणि दुसऱ्याच्या हातात नाही. सगळा फरक तिथे पडतो.

या व्यवस्थेला कीड लागली नाही असे मुळीच नाही. माथाडीच्या नावावर काम न करता पैसे उकळणाऱ्या टोळ्यांच्या तक्रारी औद्योगिक पट्ट्यांतून येत राहिल्या आहेत आणि त्यात तथ्य आहे. पण खंडणीखोर शिरले म्हणून मंडळच निकामी करावे, असे म्हणणाऱ्यांनी कायद्याआधीचा हमाल आठवावा.

पुण्यात कचरावेचकांनी अशीच वाट शोधली. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. बाबा आढावांचा हमालांच्या चळवळीचा अनुभव तिच्या पाठीशी होता. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली, आणि २००८ पासून तिचे सभासद महापालिकेशी झालेल्या करारानुसार घरोघरी कचरा गोळा करू लागले. बहुतेक दलित स्त्रिया. उकिरड्यावर हाकलून दिल्या जाणाऱ्या बाया संस्थेच्या मालक म्हणून महापालिकेसमोर बसल्या. कराराच्या मुदतवाढीसाठी त्यांना पुन्हा पुन्हा झगडावे लागते, कारण ठेकेदाराला काम देणे कोणत्याही महापालिकेला सोपे वाटते.

लिज्जतची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: १५ मार्च १९५९, गिरगावातले लोहाणा निवास, सात बायका, ८० रुपयांची उसनवारी. तिच्या यशाच्या कहाण्या सांगताना एक बाजू राहून जाते. लिज्जतमध्ये चाळीस हजारांहून अधिक बहिणी आहेत, तरी पुरुष तिथे नोकर असू शकतो, सभासद होऊ शकत नाही. शाखेची संचालिका कधी काळी स्वतः पापड लाटणारीच असते. पीठ रोज वजन करून मिळते, पापड रोज वजन करून परत जातात आणि लाटणीचा हिशेबही तिथेच होतो. म्हणजे सामान्य बहिणीला संस्थेचा सगळा व्यवहार कळला नाही तरी तिच्या वाट्याचा हिशेब तिला रोज समजतो. मिशेल्सचा नियम इथे मोडतो असे मला वाटते, आणि त्याचे श्रेय भाषणांना नाही, त्या रोजच्या तराजूला आहे.

आता कारखान्यात येऊ, कारण तिथे प्रश्न जास्त कठीण होतो. कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज ही कंपनी मालक घराण्यातल्या भांडणात १९८५ साली बंद पडली. कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९८८ मध्ये कामगारांच्या सहकारी संस्थेने कारखाना चालवायची योजना मंजूर झाली. ज्यांना मालकाने घरी बसवले होते, त्यांनी स्वतः कारखाना सुरू केला. देशभर या घटनेकडे आशेने पाहिले गेले. सुरुवातीची वर्षे बरी गेली. पुढे कारखाना पुन्हा अडचणीत आला. अशा प्रत्येक प्रयोगात एक प्रश्न येतोच: उशिरा येणाऱ्या कामगाराला जाब कोण विचारणार? ज्याला जाब विचारायचा, तोच सभेत तुम्हाला मत देणारा आहे. आणि संघटनेचे काय? मालकाशी भांडायला उभी केलेली संघटना स्वतः मालक झाल्यावर कामगाराने तक्रार घेऊन कुठे जायचे?

स्पेनमधल्या बास्क प्रांतातल्या मोंद्रागोनने या प्रश्नाला मला समाधानकारक वाटणारे उत्तर दिले आहे. होसे मारिया अरिस्मेंदियारिएता हा तरुण पाद्री १९४१ मध्ये त्या गावात आला, त्याने आधी तंत्रशाळा काढली आणि १९५६ मध्ये तिच्या विद्यार्थ्यांनी पहिला सहकारी कारखाना सुरू केला. आज तिथे ऐंशीच्या आसपास सहकारी संस्था आणि सुमारे सत्तर हजार माणसे आहेत. सगळे सभासद आमसभेत एक-एक मत देतात, आमसभा नियामक मंडळ निवडते आणि मंडळ व्यवस्थापक नेमते. व्यवस्थापकाला कामाच्या वेळी पूर्ण अधिकार असतो. त्याच्यावर चर्चा कामाच्या वेळी नाही, ठरलेल्या सभेत. शिवाय एक वेगळी सामाजिक समिती, जी त्याच माणसांची कामगार म्हणून बाजू मांडते. वरचा आणि खालचा पगार यांतले अंतर साधारण सहापटीच्या आत राखले जाते. २०१३ मध्ये त्यांची फागोर ही घरगुती उपकरणांची मोठी संस्था बुडाली, तेव्हा बऱ्याच सभासदांना इतर संस्थांनी सामावून घेतले. त्यांच्या परदेशांतल्या कारखान्यांतले बहुतेक कामगार मात्र सभासद नाहीत. ऊसतोडीसारखीच गोष्ट: समतेची सीमा कुंपणाशी संपते.

युगोस्लाव्हियाने १९५० मध्ये कायदा करून सगळ्या कारखान्यांत कामगार परिषदा आणल्या. पण परिषद कारखान्यातली आणि खरे निर्णय पक्षाकडे, हे फार काळ लपले नाही.

जर्मनीने मालकी बदलली नाही, निर्णयाची खुर्ची वाटून घेतली. १९५१ च्या कायद्याने कोळसा आणि पोलाद कंपन्यांच्या देखरेख मंडळावर कामगारांना निम्म्या जागा दिल्या. १९७६ पासून दोन हजारांहून जास्त कर्मचारी असलेल्या इतर कंपन्यांतही निम्म्या जागा आल्या, पण बरोबरी झाली तर अध्यक्षाचे जादा मत, आणि अध्यक्ष भागधारकांच्या बाजूचा. म्हणून हे समान वाटप नव्हे असे टीकाकार म्हणतात, ते बरोबर आहे. तरी कारखाना हलवण्याचा विचार चालू असताना कामगारांचा प्रतिनिधी त्या खोलीत बसलेला असतो, ताळेबंद त्याच्यासमोर असतो. मला याचे महत्त्व मोठे वाटते. पुणे-चाकण पट्ट्यात जर्मन कंपन्या भरपूर आहेत. तिथल्या कामगारांना हा अधिकार नाही, कारण तो कायदा जर्मनीतच थांबतो.

अलीकडच्या ‘साहेब नसलेल्या’ कंपन्यांवर मी थोडक्यातच लिहितो, कारण त्यांच्याबद्दल गवगवा जास्त झाला आहे. चपला-बूट ऑनलाइन विकणाऱ्या झॅपोस या अमेरिकी कंपनीने सगळी पदे रद्द केली, आणि २०१५ मध्ये ज्यांना पटत नाही त्यांनी भरपाई घेऊन जावे असे सांगितले. सुमारे चौदा टक्के लोक गेले. स्त्रीवादी लेखिका जो फ्रीमन यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच इशारा दिला होता की रचना नाकारली तरी सत्ता जात नाही, ती मैत्रीच्या आणि ओळखीच्या कोंडाळ्यात जाते, आणि तिथे तिला कुणी जाब विचारू शकत नाही. आपल्या आयटी कंपन्यांत मॅनेजरला ‘सर’ न म्हणता नावाने हाक मारतात. हे चांगलेच आहे. पण वर्षाअखेरचे अप्रेझल कोणत्या निकषावर झाले हे विचारता येत नसेल, तर नावाने हाक मारून फारसे काही वाटून घेतले गेलेले नाही. याउलट नेदरलँड्समध्ये २००६ मध्ये सुरू झालेली बुर्टझोर्ग ही घरी जाऊन शुश्रूषा करणारी संस्था पाहा. बाराच्या आत परिचारिकांचे गट, स्वतःचे वेळापत्रक आणि भरती स्वतः करतात. मुख्य कार्यालयात मोजकी माणसे. तिथे कोणता निर्णय कोणाचा, हे गट लहान असल्यामुळे स्पष्ट असते.

आणि आता ती बाब, जिच्यामुळे हा प्रश्न मला केवळ न्यायाचा वाटत नाही. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफच्या धुक्यात दोन जम्बो विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ माणसे मेली. केएलएमचा कॅप्टन कंपनीचा सर्वांत प्रतिष्ठित प्रशिक्षक होता. परवानगी मिळण्याआधीच त्याने उड्डाण सुरू केले. समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही का, असे फ्लाइट इंजिनिअरने विचारले होते. कॅप्टनने ठामपणे उत्तर दिले आणि इंजिनिअर गप्प राहिला. २२ मे २०१० रोजी मंगळुरूला दुबईहून आलेले विमान डोंगरावरच्या धावपट्टीवरून खाली कोसळले, १५८ माणसे गेली. सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्यासाठी तीनदा सांगितले होते.

विमान कंपन्यांनी यातून कॅप्टनपद रद्द केले नाही. कॅप्टन आजही कॅप्टन आहे आणि शेवटचा शब्द त्याचाच. पण कनिष्ठाने कोणत्या शब्दांत बोलावे, दोनदा सांगूनही उत्तर आले नाही तर विमान हाती केव्हा घ्यावे, हे शिकवले जाऊ लागले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या पीटर प्रोनोव्होस्ट यांनी हेच अतिदक्षता विभागात केले: डॉक्टरने शिरेत नळी घालताना एखादी पायरी चुकवली, तर परिचारिकेने त्याला थांबवायचे, आणि रुग्णालयाने तिच्या पाठीशी उभे राहायचे. हीच पद्धत मिशिगन राज्यातल्या अतिदक्षता विभागांत नेली, तेव्हा अशा नळ्यांमुळे होणारे जंतुसंसर्ग सुमारे दोन तृतीयांशांनी घटले. टोयोटाच्या कारखान्यात कोणताही कामगार दोरी ओढून असेंब्लीची रांग थांबवू शकतो. जनरल मोटर्सने १९८२ मध्ये बंद केलेला कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा कारखाना १९८४ मध्ये टोयोटाच्या पद्धतीने सुरू झाला. कामगार बहुतांशी तेच होते, वाहने मात्र चांगली निघू लागली.

आपल्याकडे दोरी ओढणे सोपे नाही. मोठे बोलत असताना मध्ये बोलू नये, हे आपण मुलांना तोंड फुटल्यापासून शिकवतो. गेर्ट होफस्टेडे यांच्या सत्ता-अंतराच्या निर्देशांकात भारताचे गुण ७७, स्वीडनचे ३१. जातीने ठरलेल्या अंतराची भर त्यात पडते. म्हणूनच आपल्याकडे ‘मोकळेपणाने बोला’ एवढे सांगून भागत नाही. बोलण्याचा अधिकार लेखी लागतो आणि बोलणाऱ्याचे नुकसान होणार नाही याची हमी लागते.

लेखी अधिकार आपल्याकडे कमी नाहीत, ते जिवंत नाहीत. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ४३ अ आले: उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग मिळवून देण्यासाठी राज्याने पावले उचलावीत. १९९० मध्ये त्यासाठी संसदेत विधेयक आले, कायदा झाला नाही. त्याआधीच, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत सरकार कार्य समिती स्थापन करायला लावू शकते आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत, असे लिहून ठेवले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद कायम आहे, आणि वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेसाठी तक्रार निवारण समिती आहे.

तुमच्या कारखान्यात किंवा कार्यालयात या समित्या आहेत का, त्यांची शेवटची बैठक कधी झाली आणि इतिवृत्त कोणाकडे आहे, हे सोमवारी कामावर गेल्यावर विचारा. एकट्याने विचारू नका. चौघे मिळून विचारा.